दाढीचे पाते आणि जालन्याची भट्टी

माणसाचा केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असतो. तरीही चार-पाच दाढ्या झाल्या की ब्लेड केस कापण्याऐवजी ओढू लागते. असे का होते, याचा शोध अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जियानलुका रोशिओली या संशोधकाने घेतला. तो स्वतःची दाढी करायचा आणि नंतर पात्याची धार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. हे संशोधन २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यात दिसले ते असे, की धार नुसती झिजत नाही, तिचे बारीक टवके उडतात. केस वाकून पात्याला तिरका लागला आणि नेमक्या त्याच जागी पोलादाची आतली रचना एकसारखी नसली, की कडेचा कण सुटतो.

म्हणजे बिघडते ती फक्त डोळ्यांना न दिसणारी कड. बाकीचे पाते धडधाकट असते, दांड्याला तर काहीच झालेले नसते. एवढ्याशा कडेपायी आपण किती वस्तू टाकून देतो, हा खरा प्रश्न आहे.

किंग कॅम्प जिलेट यांना १९०४ मध्ये पेटंट मिळाले ते बदलता येणाऱ्या पातळ पात्याच्या रेझरचे. पाते टाकायचे, दांडा मात्र वर्षानुवर्षे वापरायचा. दांड्यासकट सगळेच फेकण्याची सवय जगाला लागली ती १९७५ नंतर, बिक कंपनीचा प्लास्टिकचा रेझर बाजारात आल्यावर. दुधारी ब्लेड ०.१ मिलिमीटर जाड आणि साधारण ०.६ ग्रॅम वजनाचे असते. वापरून फेकायचा रेझर आठेक ग्रॅमचा, आणि त्यातले बहुतेक वजन प्लास्टिकचे.

आता हिशेब करू. एक दिवसाआड दाढी, म्हणजे वर्षाला १८० दाढ्या धरू. एका पात्यावर चार-पाच दाढ्या झाल्या तर वर्षाला ४० पाती लागतील. तीन रुपयांच्या दराने १२० रुपये. धातूचा दांडा एकदाच घ्यायचा, तो कित्येक वर्षे टिकतो. वीस रुपयांचा फेकायचा रेझर पाच वेळा चालला तर वर्षाला ३६ रेझर, ७२० रुपये. तीन-पाच पात्यांचे कार्ट्रिज बारा दाढ्या टिकले आणि दीडशेला पडले, तर खर्च सव्वादोन हजारांवर जातो. किमती दुकानागणिक बदलतील, क्रम बदलणार नाही.

हाच हिशेब आता आपल्या शहराला लावू. छत्रपती संभाजीनगरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाखांच्या आसपास होती. त्यातल्या दोन लाख जणांनी फेकायचे रेझर वापरले असे समजा. वर्षाला ७२ लाख रेझर, सुमारे ५८ टन कचरा. त्याच लोकांनी दुधारी पाती वापरली तर पाच टनांहून कमी, आणि तेही निव्वळ पोलाद. कचऱ्याचा प्रश्न या शहराला नवा नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत नारेगावच्या ग्रामस्थांनी तिथल्या कचरा डेपोवर येणाऱ्या गाड्या अडवल्या, शहरभर ढीग साचले आणि मार्चमध्ये मिटमिट्यात कचऱ्यावरून दंगल पेटली. त्यानंतर चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी इथे प्रक्रिया केंद्रांची कामे हाती घेतली गेली. पण प्रक्रियेच्या पट्ट्यावर आलेल्या रेझरचे काय करणार? त्यात प्लास्टिक, पोलाद, रबर आणि बुळबुळीत पट्टी एकमेकांत अडकवलेली असतात. ती सोडवायला लागणारी मजुरी मालाच्या किमतीहून जास्त. १ जुलै २०२२ पासून देशात एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या ज्या वस्तूंवर बंदी आली, त्यांत कान साफ करायच्या काड्या आहेत, आइस्क्रीमच्या काड्या आहेत, रेझर नाही. तो त्या यादीत असायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुट्ट्या पात्याचे तसे नाही. ते क्रोमियम घातलेल्या पोलादाचे असते, आणि या जातीचे स्टेनलेस स्टील लोहचुंबकाला चिकटते, त्यामुळे वेगळे काढणे सोपे. शिवाय आपल्यापासून साठ किलोमीटरवर जालना आहे, जिथल्या इंडक्शन भट्ट्यांत भंगार वितळवून बांधकामाच्या सळया होतात. खनिजाऐवजी एक टन भंगार वापरले की सुमारे दीड टन कार्बन डायऑक्साइड वाचतो, असा जागतिक पोलाद संघटनेचा हिशेब आहे. अडचण एकच: एकेकटे पाते कचऱ्यात हरवते आणि सफाई कामगाराचा हात कापते. कागदात गुंडाळलेले ब्लेड तर उघड्यापेक्षा घातक, कारण ते दिसतच नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. नुसत्या कार्बनकडे पाहिले तर रेझरपेक्षा गरम पाणी महाग पडते. दोन लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला ०.०७ युनिट वीज लागते. आपल्याकडे तेवढ्या विजेमागे सुमारे ५० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आठ ग्रॅम प्लास्टिक तयार होताना जातो तो ढोबळमानाने याच्या निम्म्याहून कमी. म्हणून धातूचा दांडा घेऊन गिझरचा नळ सोडून ठेवला तर कमावलेले सगळे गेले. नाथसागर जलाशयातून शंभरेक मीटर चढ चढून, तेही काही दिवसांच्या अंतराने येणाऱ्या पाण्याच्या गावात मगभर पाण्यात दाढी करणे बहुतेकांना अंगवळणी पडलेलेच आहे. एप्रिल-मेमध्ये तर टाकीतले पाणी तापवावेही लागत नाही.

आणि शहरातली आणखी एक हलकी दाढी कुठे होते? सलूनमध्ये. पूर्वी वस्तरा पट्ट्यावर घासून सगळ्यांना तोच फिरायचा. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो, त्यामुळे ती पद्धत गेली हे उत्तमच झाले. आता कारागीर दुधारी ब्लेड मधोमध मोडतो आणि वस्तऱ्यात अर्धे बसवतो. दर गिऱ्हाइकाला कोरी धार, आणि टाकायचे ते जेमतेम ०.३ ग्रॅम पोलाद. ‘वापरा आणि फेका’ इथे योग्यच आहे, कारण फेकले जाते ते फक्त धोक्याचे ठरलेले.

घरी धार जास्त टिकवायची असेल तर दाढी दोन-तीन मिनिटे चांगली भिजू द्या. ओला केस कापायला जोर कमी लागतो. नंतर पाते झटकून कोरडे ठेवा. पायांसाठी रेझर वापरणाऱ्या महिलांनाही हेच लागू. वापरलेली पाती टाकायला पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला एक चीर पाडा; डबा भरायला वर्षे जातील. तो घंटागाडीवर ‘आत ब्लेड आहेत’ असे सांगून वेगळा द्या. महापालिकेने निदान सलूनमधून तरी असे डबे ठरावीक दिवशी गोळा करून भंगारवाल्यांमार्फत जालन्याला पाठवावेत. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, नवा प्रकल्पही लागत नाही.