रात्री दोन ते सकाळी आठ

२००४च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हणायला परवानगी दिली. म्हणजे सेकंदाला जेमतेम ३२ केबी. या हिशेबाने चार जीबीचा गेम उतरवायला दीड दिवस लागणार, आणि तोही लाईन तुटली नाही, वीज गेली नाही तर. माळशिरस तालुक्यातल्या श्रीपूरसारख्या, साखर कारखान्यांभोवती वाढलेल्या गावात भारनियमनाच्या त्या वर्षांत दीड दिवस सलग वीज मिळणं ही चैन होती. शिवाय महिन्याला डेटा मोजून मिळायचा. बीएसएनएलच्या काही प्लॅनमध्ये मात्र एक सवलत असे: रात्री दोन ते सकाळी आठ मोजणी बंद. त्या सहा तासांवर पोरांची एक अख्खी पिढी गेम खेळायला शिकली. संगणक घड्याळ लावून सुरू व्हायचा, आठला बंद व्हायचा, आणि उरलेलं दुसऱ्या रात्री.

उरलेलं दुसऱ्या रात्री, हे जमायचं ते टॉरेंटमुळे. ब्राउझरमधून चाललेलं साधं डाउनलोड मध्येच तुटलं, तर पुष्कळदा पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागे. टॉरेंट मात्र आठवड्यानेही जिथे थांबलं तिथून उचलायचं.

ब्रॅम कोहेन या अमेरिकन प्रोग्रामरने टॉरेंटमागचं हे तंत्र, बिटटॉरेंट, २००१च्या जुलैत लोकांसमोर ठेवलं. पहिली युक्ती, फाइलचे लहान लहान तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याचा एक हॅश, म्हणजे गणिती ठसा, सुरुवातीच्या छोट्या टॉरेंट फाइलमध्ये लिहून ठेवायचा. तुकडा कोणाकडूनही आला तरी ठसा जुळला तर ठेवायचा, नाही जुळला तर फेकून पुन्हा मागायचा. अनोळखी माणसाकडून फाइल घ्यायची भीती जाते ती इथे. देणाऱ्याच्या सचोटीशी घेणं नाही, तुकडा खरा असला की झालं. मात्र मुळातली टॉरेंट फाइलच खोटी असेल, तर सगळे ठसे जुळूनही व्हायरसच घरी येतो. हा धडा अनेकांनी आपापल्या संगणकावर गिरवला आहे.

दुसरी युक्ती, सगळ्यांत कमी लोकांकडे असलेला तुकडा आधी मागायचा. नाहीतर ९९ टक्क्यांवर अडकलेले शंभर जण आणि शेवटचा तुकडा कोणाकडेच नाही, अशी गत होते. तिसरी युक्ती आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावी लागणार नाही, कारण ती सरळ सावड आहे. तू माझ्या रानात भांगलायला ये, मी तुझ्या रानात येतो. बिटटॉरेंटचा प्रोग्राम आपल्याला वेगाने तुकडे देणारे तीन-चार जण निवडतो आणि त्यांनाच आपले तुकडे देतो. दर दहा सेकंदांनी हा हिशेब पुन्हा होतो. पण नव्याने आलेल्याकडे द्यायला काहीच नसतं, त्याचं काय? त्याच्यासाठी एक जागा राखलेली असते: दर तीस सेकंदांनी कोणा एकाला, काही न घेता, तुकडे द्यायचे. इतक्या कोरड्या व्यवहारात ही एवढी उदारता का ठेवली, तर तिच्याशिवाय नवा माणूस आतच येऊ शकत नाही.

गेम कंपन्यांनी हे लगेच हेरलं. कोहेन स्वतः २००३च्या अखेरीस काही काळ व्हॉल्व्ह या गेम कंपनीत, तिच्या स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या कामावर होता. ब्लिझार्डचा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ २००४च्या नोव्हेंबरमध्ये आला, आणि त्याचे पॅच खेळाडूंपर्यंत पोचवणाऱ्या डाउनलोडरच्या पोटात बिटटॉरेंटच होतं. पॅचच्या दिवशी लाखो लोक एकाच वेळी तीच फाइल मागतात. एकट्या सर्व्हरला हा भार सोसत नाही, बिटटॉरेंटला मात्र हीच गर्दी हवी असते, कारण मागणारा प्रत्येक जण देणाराही असतो. ‘लीग ऑफ लेजेंड्स’ने याच तत्त्वावरचा पँडो मीडिया बूस्टर वापरला. गेम उतरवताना तो नकळत संगणकात बसायचा आणि गेम उतरून झाला तरी मागे चालूच राहायचा. पँडो कंपनी २०१३च्या ऑगस्टअखेर बंद पडली. पुढच्याच वर्षी लोकांच्या संगणकात पडून राहिलेला तो प्रोग्राम अपडेटच्या नावाखाली नको ते सॉफ्टवेअर आणू लागला.

या व्यवस्थेतली खरी खोट तंत्रात नाही, हिशेबात आहे. सर्व्हरची बिलं कंपनीची वाचली, ती भरली कोणी? खेळाडूच्या अपलोडने. सावडीत दोघांची रानं असतात. इथे एकाचं रान आणि हजारोंचे हात, वर त्यांतल्या अनेकांनी गेमचे पैसे आधीच मोजलेले. अमेरिकेत अमर्याद जोडणी असणाऱ्याला हे जाणवलं नसेल. तिथे तक्रार नेटवर्कवाल्यांची होती: कॉमकास्ट ग्राहकांच्या बिटटॉरेंट जोडण्या मध्येच तोडते हे २००७मध्ये उघड झालं आणि २००८मध्ये तिथल्या नियामकाने तिला ते थांबवायला सांगितलं. आपल्याकडे गोष्ट वेगळी. टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या एडीएसएल ब्रॉडबँडमध्ये अपलोडची वाट मुळातच बारीक. ती भरली की डाउनलोडही रखडतं, आणि मीटर चालू असताना परक्याला दिलेला प्रत्येक एमबी आपल्या बिलात येतो.

म्हणून आपल्याकडे ही देवाणघेवाण जोमाने फोफावली ती कंपन्यांच्या योजनेबाहेर, आणि बहुतेकदा इंटरनेटच्याही बाहेर. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वसतिगृहांत डीसी++ हे आपसात फाइल वाटण्याचं सॉफ्टवेअर चालायचं. त्याच्या हबवर शिरायचं तर किमान अमुक इतक्या जीबीचं शेअर करा, अशी अट असे. मुंबईच्या आयआयटीने २००७मध्ये वसतिगृहातलं इंटरनेट रात्री अकरा ते दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारापर्यंत बंद ठेवायचं ठरवलं, कारण पोरं झोपत नाहीत, एकमेकांशी बोलत नाहीत. पण खोल्याखोल्यांतली केबल शाबूत असली की डीसी++ला बाहेरचं इंटरनेट लागतच नाही.

यातलं बरंचसं चोरीचं होतं, हे झाकण्यात अर्थ नाही. टॉरेंट हे नाव त्यामुळेच बदनाम झालं. २०१६मध्ये ‘ढिशूम’ चित्रपटाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने नुसतं पाहणं आणि वाटप करणं यांत फरक केला होता. टॉरेंटच्या बाबतीत हा फरक फार पुसट, कारण इथे घेणारा आपोआप वाटपही करत असतो.

गावात मात्र खरी क्रांती फोनने केली. आधी मोबाईलच्या दुकानात पैसे देऊन मेमरी कार्ड भरून मिळायचं. मग फोनवरून फोनवर फाइल देणारी शेअरइट आणि झेंडर ही ॲप आली. एका फोनने हॉटस्पॉट लावायचा, दुसऱ्याने जोडायचं, दोघांचाही डेटा शून्य खर्च. २०१८मध्ये पबजी मोबाईल आला तेव्हा जिओ येऊन दीड वर्ष झालं होतं, पण दिवसाच्या जीबी-दीड जीबीत एवढा मोठा गेम आणि बाकी सगळं बसवणं अवघडच. एकाने उतरवायचा आणि कट्ट्यावरच्या बाकीच्यांनी त्याच्याकडून घ्यायचा, हे ओघाने आलं. एपीके, म्हणजे ॲपची फाइल वेगळी, गेमच्या बाकी डेटाची ओबीबी फाइल वेगळी, ती कोणत्या फोल्डरमध्ये टाकायची हे आठवी-नववीतली पोरं तोंडपाठ सांगत. इथे अपलोडचा भुर्दंड कोणालाच नाही. कंपनीच्या सर्व्हरचा भार मात्र इथेही हलका झालाच.

गुगललाही याची दखल घ्यावी लागली. २०१८च्या जूनमध्ये तिने प्ले स्टोअरच्या ॲपमध्ये एक खूण घालायला सुरुवात केली, जेणेकरून फोनवरून फोनवर आलेलं ॲप अस्सल आहे का, हे इंटरनेट नसतानाही तपासता यावं. कारणही उघड दिलं होतं: डेटा महाग आणि जोडणी कच्ची असते तिथे लोक ॲप असेच घेतात. कोहेनच्या हॅशचंच हे कट्ट्यावरचं रूप.

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यांत शेअरइट आणि झेंडर दोन्ही होते. २ सप्टेंबरला पबजीही गेला. गाडी आधी गेली, सवारी नंतर. पुढे अँड्रॉईड ११पासून ओबीबी फोल्डरमध्ये हात घालणंही अवघड होत गेलं.

आता मोठ्या कंपन्यांनी सगळं सीडीएनवर, म्हणजे जवळच्या शहरांत ठेवलेल्या सर्व्हरवर हलवलंय. पण कल्पना मेलेली नाही. २०२३मध्ये स्टीमने एकाच घरातल्या दोन संगणकांना आपसात गेम देण्याची सोय केली. शंभर जीबीच्या पुढे गेलेल्या गेमसाठी ती सोन्यासारखी आहे, आणि अपलोड भिंतीबाहेर जात नाही. विंडोज १०पासून मात्र ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ नावाची एक सोय आहे. ती अपडेट आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरची ॲप इतरांच्या संगणकांवरूनही घेऊ शकते आणि आपल्या संगणकावरून इतरांना देऊ शकते. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवणाऱ्याने सेटिंग्जमध्ये जाऊन ते एकदा पाहून घ्यावं. तिथे फक्त आपल्या स्थानिक नेटवर्कवरच्या संगणकांपुरता पर्यायही दिलेला आहे.