देवगांडूळ : घरच्या टाकीत आणि डांगच्या ओढ्याकाठी

सुरतेत काचेच्या टाकीत मासे पाळण्याची हौस आता जुनी झाली. पाल येथे महानगरपालिकेचे जगदीशचंद्र बोस मत्स्यालय २०१४ साली सुरू झाले, तेव्हापासून मुलांचे कुतूहलही वाढले आहे. हौशी मंडळींत ‘रबर ईल’ नावाच्या एका करड्या, गुळगुळीत प्राण्याची अधूनमधून चौकशी होते. घरी त्याची पिल्ले होतात काय, असे आम्हाला विचारण्यात आले, म्हणून हा लेख.

प्रथम ओळख. हा प्राणी ईल नव्हे, मासा नव्हे आणि सापही नव्हे. तो बेडकाचा दूरचा भाऊबंद आहे. या कुळाला मराठीत देवगांडूळ म्हणतात. पाय नाहीत, अंगावर गांडुळासारखी वलये, डोळे नावापुरते. बहुतेक देवगांडुळे ओलसर मातीत राहतात. रबर ईल मात्र जन्मभर पाण्यात राहते. शास्त्रीय नाव टिफ्लोनेक्टिस नाटान्स. मूळ देश कोलंबिया व व्हेनेझुएला. लांबी दीड-दोन फूट. ती फुप्फुसाने श्वास घेते, म्हणून वारंवार वर येऊन नाक पाण्याबाहेर काढते.

टाकी कशी असावी

टाकी उंच नको, लांब-रुंद हवी. तळाशी बारीक, गुळगुळीत वाळू आणि लपण्यासाठी नळीचे तुकडे ठेवावेत. टोकदार खडी घालू नये. कातडी नाजूक असते. झाकण घट्ट हवे. हा प्राणी बोटभर फटीतून निसटतो आणि कोरड्या फरशीवर काही तासांत मरतो. मात्र झाकणाखाली श्वासापुरती हवा राहू द्यावी.

पाण्याची उष्णता २५ ते २८ अंश बरी. सुरतेच्या उन्हाळ्यात टाकी खिडकीपासून दूर ठेवावी आणि पंख्याचा वारा पाण्यावरून जाऊ द्यावा. नळाचे पाणी थेट ओतू नये. त्यातील क्लोरीन कातडीतून अंगात जाते. पाणी एक दिवस उघडे ठेवावे किंवा दुकानात मिळणारे हायपोचे खडे प्रमाणात घालावेत. उरलेले अन्न त्याच दिवशी काढावे आणि थोडे पाणी दर आठवड्याला बदलावे. खाणे म्हणजे गांडुळे व मासळीचे बारीक तुकडे. ज्या शेतात औषध फवारले आहे तेथील गांडुळे चुकूनही देऊ नयेत.

पिल्ले कशी होतात

नर-मादी ओळखण्याची खूण शेपटीच्या टोकाशी, पोटाच्या बाजूला असते. तेथे फिकट रंगाची एक चकती दिसते. नराची चकती मोठी व गोल असते. जोडीला शांत, स्वच्छ टाकी आणि पोटभर खाणे मिळाले तर घरच्या टाकीतही संयोग होतो. तो कित्येकदा तासाहून अधिक चालतो. त्या वेळी टाकीला हात लावू नये.

ही मादी अंडी घालत नाही. पिल्ले सुमारे सहा-सात महिने पोटात वाढतात. अंड्यातील बलक संपला की ती इवल्या दातांनी आईच्या गर्भनलिकेचे अस्तर खरवडून त्यावर पोसतात. जन्मतः पिल्लाच्या मानेशी पातळ पिशवीसारखे मोठे कल्ले असतात. ते लवकरच गळून पडतात. ते पाहून रोग झाला असे समजू नये. पिल्ले थोडीच होतात, पण लांबीला आईच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठी असू शकतात. त्यांना बारीक चिरलेली गांडुळे द्यावीत आणि पाणी उथळ ठेवावे, म्हणजे श्वासासाठी वर येणे सोपे जाते.

रोग आणि स्वच्छता

बेडकांच्या कित्येक जाती जगातून पुसून टाकणारी एक बुरशी आहे, कायट्रिड. ती देवगांडुळांनाही होते. परदेशातील प्राणिसंग्रहालयात पाणी तीन दिवस ३२ अंशांवर ठेवून या जातीवर उपचार यशस्वी झाले आहेत. घरी हा प्रयोग पशुवैद्याला विचारल्याशिवाय करू नये. टाकीचे पाणी ओढ्यात, विहिरीत किंवा शेततळ्यात ओतू नये. टाकीत हात घातल्यावर साबणाने धुवावेत, आणि घालण्यापूर्वी साबणाचा अंश हातावर ठेवू नये.

सर्वांत महत्त्वाचे : हौस फिटली म्हणून प्राणी तापीत सोडू नये. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील टमायामी कालव्यात २०१९ साली रबर ईल सापडली. कोणीतरी पाळलेली सोडली असावी, असा तज्ज्ञांचा तर्क आहे. परक्या प्राण्याबरोबर परका रोगही पाण्यात उतरतो. त्याचा पहिला घाव बसेल तो आपल्याच देवगांडुळावर.

आपल्या घरचे देवगांडूळ

होय, आपल्याकडेही देवगांडूळ आहे. सुरतेहून बिलिमोऱ्याला जावे, तेथून छोटी रेल्वे वघईला जाते. या वघईच्या, म्हणजे जुन्या ‘सुरत डांग’च्या, नमुन्यावरून एडवर्ड टेलर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६० साली एका जातीचे वर्णन केले आणि तिला इक्थिओफिस बॉम्बेएन्सिस हे नाव दिले. त्याच वर्षी डांग गुजरातेत आला, पण नावात मुंबई राज्य राहून गेले. सह्याद्रीत पुढे खंडाळा, कोयना, आंबोली येथेही वेगवेगळ्या जाती सापडल्या आहेत.

या इक्थिओफिस कुळातील मादी ओढ्याजवळ ओल्या मातीत बीळ करून अंडी घालते आणि पिल्ले बाहेर येईपर्यंत त्यांना वेटोळे घालून बसते. पिल्ले पाण्यात उतरतात, तेथे वाढतात आणि मोठी झाली की मातीत परततात. ओढ्याचा काठ नांगरला, सिमेंटने बांधला किंवा औषधाचे डबे तेथे धुतले, तर ही साखळी तुटते. प्रौढ देवगांडूळ मातीतला प्राणी आहे. त्याला पकडून टाकीत ठेवू नये. तेथे त्याचा वंश वाढणार नाही.

पावसात भाताच्या बांधावर किंवा शेणखताच्या ढिगाखाली हा प्राणी निघतो आणि साप समजून मारला जातो. खुणा लक्षात ठेवाव्यात : अंग ओले व बुळबुळीत, खवले दिसत नाहीत, आडवी वलये स्पष्ट, शेपूट जवळजवळ नाहीच. सापाचे अंग कोरडे व खवल्यांचे. देवगांडूळ माणसाला अपाय करीत नाही; ते वाळवी व गांडुळे खाते आणि माती भुसभुशीत ठेवते. खूण पटली नाही तर हात लावू नये, आणि काठीही उगारू नये. दोन पावले मागे सरावे. ते आपणच मातीत शिरेल.

शेतकरी बंधूंनी येत्या पावसाळ्यापूर्वी एवढे करावे : ओढ्याच्या दोन्ही काठांना दोन-तीन हात पट्टा न नांगरता सोडावा, फवारणीचा पंप तेथे धुऊ नये, आणि मजुरांना हा प्राणी कसा असतो ते आधी सांगून ठेवावे.