ठेव ठेवताना व्याज नंतर विचारा, आधी भांडवल विचारा

ऑक्टोबर 2021 मध्ये आपल्या शहागडमध्ये एका पतसंस्थेच्या शाखेवर सशस्त्र दरोडा पडला होता. असं काही घडलं की मनात पहिला प्रश्न येतो: हे नुकसान कोणाचं? ठेवीदारांचं, की संस्थेचं? दरोडा तर सगळ्यांना दिसतो. पण संस्थेचा पैसा बहुतेक वेळा दरोड्यात जात नाही, बुडालेल्या कर्जांत हळूहळू जातो, आणि तो कोणाला दिसत नाही. तेव्हाही प्रश्न तोच राहतो. त्याचं उत्तर एका शब्दात आहे: भांडवल.

आपल्याकडे मुलीच्या निकाहसाठी, हजसाठी, घराच्या स्लॅबसाठी पै पै जमवून ठेव ठेवली जाते. ठेवताना आपण व्याजदर विचारतो, ओळखीचा माणूस कोण आहे ते विचारतो. संस्थेचं भांडवल किती, हे क्वचितच कोणी विचारतं.

भांडवल म्हणजे नेमकं काय?

किराणा दुकानाचं उदाहरण घेऊ. दुकानदाराने स्वतःचे 1 लाख घातले आणि व्यापाऱ्याकडून 9 लाखांचा माल उधार आणला. गिऱ्हाइकांकडे 50 हजारांची उधारी बुडाली, तर फटका दुकानदाराच्या 1 लाखाला. व्यापाऱ्याचे पैसे शाबूत राहतात. पण 2 लाख बुडाले, तर दुकानदाराचं सगळं जाऊन व्यापाऱ्यालाही झळ बसते.

बँकेत आपण ठेवीदार म्हणजे तो व्यापारी. आपली ठेव हे बँकेवरचं देणं आहे, तिचं भांडवल नव्हे. सभासदांचे शेअर आणि नफ्यातून साठवलेला राखीव निधी, हे बँकेचं स्वतःचं भांडवल. तोटा झाला की आधी ते झिजतं. ते संपलं की पाळी आपली.

9 आणि 12 टक्क्यांचा हिशेब

म्हणून रिझर्व्ह बँक किमान भांडवल ठरवून देते. नागरी सहकारी बँकांसाठी 2022 मध्ये नवी चौकट आली. ठेवींच्या आकारानुसार बँकांचे चार स्तर झाले. 100 कोटींपर्यंत ठेवी असलेल्या बँका पहिल्या स्तरात. त्यातली बँक एकाच जिल्ह्यात काम करत असेल तर नक्त मूल्य किमान 2 कोटी हवं. बाकी सगळ्या नागरी बँकांना 5 कोटी.

दुसरी अट टक्केवारीची, म्हणजे 'सीआरएआर'. वार्षिक अहवालात हा शब्द सापडतो. जोखमीच्या मालमत्तेशी भांडवलाचं प्रमाण, असा त्याचा अर्थ. पहिल्या स्तरासाठी किमान 9 टक्के, वरच्या तीन स्तरांसाठी 12 टक्के. ज्या बँका 12 पर्यंत पोचल्या नव्हत्या, त्यांना टप्प्याटप्प्याने 31 मार्च 2026 पर्यंत मुदत दिली गेली.

सोपा हिशेब करू. बँकेकडे 100 कोटी आहेत. त्यातले 40 कोटी रोख आणि सरकारी रोख्यांत. त्यांची जोखीम जवळपास शून्य धरतात. 60 कोटी कर्जांत; त्यांची जोखीम पूर्ण धरू. 60 कोटींचे 9 टक्के म्हणजे 5 कोटी 40 लाख. एवढं भांडवल हवंच. आता 4 कोटींची कर्जं पूर्ण बुडाली, तर भांडवल उरलं 1 कोटी 40 लाख, आणि प्रमाण घसरलं अडीच टक्क्यांवर. ठेवीदाराचा रुपया अजून वाचलेला आहे, पण भिंत पार पातळ झाली. प्रमाण घसरलं की रिझर्व्ह बँक लाभांश, नव्या शाखा, मोठे खर्च यांवर बंधनं आणू शकते.

सहकारी बँकेतून कर्ज घेताना काही रक्कम शेअरपोटी कापली जाते, ती याच भिंतीसाठी. तारणी कर्जाला अडीच टक्के आणि विनातारण कर्जाला 5 टक्के, असा नियम आहे. भांडवल भक्कम असलेल्या बँकांना त्यात सवलत मिळते. कापलेली ही रक्कम ठेव नसते. बँक बुडाली तर आधी तीच जाते.

कागदावरचं भांडवल

टक्केवारी खरी असेल तरच उपयोगाची. मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेने मार्च 2019 अखेर भांडवलाचं प्रमाण 12 टक्क्यांहून जास्त दाखवलं होतं. 23 सप्टेंबर 2019 ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध लावले आणि सुरुवातीला खातेदाराला फक्त 1,000 रुपये काढता येऊ लागले. बँकेच्या एकूण कर्जांपैकी 70 टक्क्यांहून जास्त एकाच बांधकाम समूहात, एचडीआयएलमध्ये, अडकली होती आणि ती खोट्या खात्यांआड लपवली गेली होती. बुडीत कर्ज बुडीत म्हणून लिहिलंच नाही, तर भांडवल कागदावर तसंच दिसत राहतं.

बँकेच्या मागची कंपनी

काही बँकांच्या मागे मालक कंपनी असते, तिला होल्डिंग कंपनी म्हणतात. पीएमसी बँक जानेवारी 2022 मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. युनिटीच्या मागे सेंट्रम फायनान्शियल सर्व्हिसेस ही प्रवर्तक कंपनी, सोबत भारतपे भागीदार. नियमाने 200 कोटी पुरेसे होते, पण सुमारे 1,100 कोटींच्या भांडवलाने बँक उभी करायचं ठरलं. इतकं असूनही मोठ्या ठेवीदारांच्या रकमा परत करायला दहा वर्षांपर्यंतची मुदत ठेवावी लागली.

इथे एक बारकावा आहे. मालक कंपनीने स्वतः कर्ज काढून ते पैसे बँकेत भांडवल म्हणून घातले, तर बँकेचा कागद भक्कम दिसतो, पण घर उधारीवरच उभं असतं. म्हणून एकट्या बँकेचं भांडवल तपासून भागत नाही, पूर्ण समूहाचा हिशेब एकत्र मांडावा लागतो. मालक कंपनीकडून पैसा बँकेत आला पाहिजे, उलटा बँकेतून मालकाकडे जाता कामा नये.

उलटा गेला तर काय होतं, हे आपल्या शेजारी दिसलं. शहागडचा गोदावरीवरचा पूल ओलांडला की बीड जिल्हा. बीडच्या ज्ञानराधा मल्टीस्टेटने 12 ते 14 टक्के व्याजाचं आमिष दाखवलं आणि ठेवीदारांचा पैसा संस्थेच्या अध्यक्षांच्याच कुटे समूहाच्या कंपन्यांत कर्ज म्हणून वळवला, असा ईडीचा आरोप आहे. प्रकरण न्यायालयात आहे. पण मराठवाड्यातली असंख्य कुटुंबं आजही पैशासाठी खेटे घालत आहेत.

पतसंस्था म्हणजे बँक नव्हे

बोलताना आपण सगळ्यांनाच बँक म्हणतो. पण पतसंस्था राज्याच्या सहकार खात्याकडे आणि मल्टीस्टेट संस्था दिल्लीच्या केंद्रीय निबंधकांकडे नोंदलेली असते. वर सांगितलेले रिझर्व्ह बँकेचे भांडवलाचे नियम त्यांना लागू नाहीत. ठेव विमा महामंडळाचं 5 लाखांपर्यंतचं संरक्षणही त्यांच्या ठेवींना नाही. हे संरक्षण फक्त विमाधारक बँकेत मिळतं. तेही एका ठेवीदाराला एका बँकेत, सगळ्या शाखा आणि व्याज धरून.

बिनव्याजी संस्थांबद्दलही हेच. व्याज नाही म्हणून जोखीम नाही, असं होत नाही. 2019 मध्ये बेंगळुरूची आयएमए कंपनी 'हलाल नफा' सांगत कोसळली, तेव्हा बुडालेले बहुतेक आपलेच लोक होते. संस्थेच्या नावावर विश्वास ठेवला गेला, हिशेब मागितला गेला नाही. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून, साक्षीदार ठेवून करायला सांगितलं आहे. मग हिशेब विचारणं म्हणजे अविश्वास कसा? ती अमानतीची काळजी आहे.

काउंटरवर विचारायचे पाच प्रश्न

1. ही बँक आहे की पतसंस्था? रिझर्व्ह बँकेचा परवाना आणि ठेव विमा आहे का?
2. गेल्या तीन वर्षांचा सीआरएआर किती? वाढतोय की घटतोय?
3. निव्वळ एनपीए, म्हणजे थकीत कर्जांचं प्रमाण, किती टक्के?
4. संचालक, त्यांचे नातेवाईक आणि त्यांच्या कंपन्यांकडे किती कर्ज आहे?
5. व्याज किंवा नफा आसपासच्या बँकांपेक्षा फार जास्त का? तो कुठून येतो?

ही माहिती वार्षिक अहवालात आणि ताळेबंदात शोधा. आपण सभासद असाल तर अहवाल मागणं हा हक्कच आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा साधारणपणे 30 सप्टेंबरपर्यंत होते. तिथे फक्त चहा-नाश्त्यापुरतं न जाता हे प्रश्न उभं राहून विचारा. घरात कोणी कॉलेजला असेल तर त्याला किंवा तिला सोबत न्या, ताळेबंद वाचायला लावा.

आणि सगळी पुंजी एकाच ठिकाणी ठेवू नका. उत्तर द्यायला टाळाटाळ होत असेल, तर ठेव न ठेवताच घरी परत या.