सुई घुसते तेव्हा श्वास कोण थांबवतं?

मुतखड्याचं ऑपरेशन दुर्बिणीने होणार म्हटलं, की घरचे पहिला प्रश्न विचारतात, "खडा केवढा आहे?" भूल कोण देणार, हे क्वचितच कुणी विचारतं. पण या ऑपरेशनातलं निम्मं नवल भूलतज्ज्ञांच्या बाजूलाच घडतं.

पाठीतून बोटभर रुंदीची वाट करून खडा काढायचा, ही 'पीसीएनएल' पद्धत १९७६ साली स्वीडनच्या डॉक्टरांनी जगापुढे मांडली. बहुतेकदा पेशंटला उताणं असताना भूल देतात आणि मग अख्खा माणूस पालथा करतात! अंग वळवायला चारपाच जण असतात, पण "वळवा" हा हुकूम भूलतज्ज्ञांचा. डोकं आणि श्वासनळीतली नळी त्यांच्या हातात असते. ती थोडी सरकली तरी जिवावर बेतू शकतं. पालथं केल्यावर डोळे दबले नाहीत ना, हे पाहायचं. छातीखाली आणि कमरेखाली उशा, पोट मात्र मोकळं. ते दाबलं गेलं तर मोठी नीला दबते, हृदयाकडे परतणारं रक्त घटतं आणि ब्लडप्रेशर उतरतं.

माझी सगळ्यात आवडती गोष्ट पुढची. मूत्रपिंड एका जागी थांबत नाही, दर श्वासाला वरखाली सरकतं. म्हणून सुई घुसवताना सर्जन म्हणतात, "श्वास थांबवा," आणि भूलतज्ज्ञ व्हेंटिलेटर काही सेकंद थांबवतात. सुई बाराव्या बरगडीच्या वरून गेली, तर फुप्फुसाच्या आवरणाला धक्का लागू शकतो. मग ऑक्सिजनच्या आकड्यावरून नजर हलत नाही.

खड्याचा चुरा धुवायला कित्येक लिटर द्रव लागतो. साधं पाणी रक्तात शिरलं, तर तांबड्या पेशी फुटतात. म्हणून सलाईनच, आणि तेही कोमट. गार सलाईनने पेशंट थंड पडतो आणि रक्त गोठायलाही उशीर लागतो.

खड्यात जंतू दडलेले असतील, तर तो फुटताच ते रक्तात उतरू शकतात. लघवीची तपासणी आधीच करून घेतात ती यासाठी. नाडी धावू लागली, प्रेशर घसरलं, की पहिली चाहूल भूलतज्ज्ञांनाच लागते.

चिरफाड न करता बाहेरून धक्के देऊन खडा फोडण्याचं यंत्र तर विमानं बनवणाऱ्या डॉर्निये कंपनीचं! १९८० मध्ये म्युनिकला पहिला पेशंट झाला. तेव्हा भूल देऊन पेशंटला चक्क पाण्याच्या टबात उतरवत, आणि हृदयाची लय बिघडू नये म्हणून प्रत्येक धक्का ईसीजीच्या ठोक्याशी जुळवत.

उपाशीपोटी ऑपरेशन करण्याची पद्धतही आजची नाही. कोणत्या शस्त्रकर्मांआधी रुग्णाला जेवू घालू नये, याची यादी सुश्रुतसंहितेत आहे आणि तीत अश्मरी, म्हणजे मुतखडा, आहे. आजचा सर्वसाधारण नियम असा: हलकं खाणं सहा तास आधी बंद, तेलकट-जड जेवण आठ तास. साधं पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालतं. तेव्हा रात्रभर घसा कोरडा ठेवण्याआधी आपल्या भूलतज्ज्ञांना विचारा.