खिरीची वाटी आणि करुणेचा प्रश्न



वैशाख पौर्णिमेला विहारात बुद्धवंदना आटोपली की खीरदान होते. उरुवेला येथे सुजाताने सिद्धार्थ गौतमाला खीर दिली, तिची आठवण म्हणून आपण ही प्रथा पाळतो. काही वर्षांपूर्वी त्या पंगतीत आम्ही खिरीची वाटी नम्रपणे परत केली. वाढणाऱ्या वयोवृद्ध मावशी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "अरे बाबा, सुजाताच्या खिरीला नाही म्हणतोस? मटण सोडलंस तेव्हाच मी म्हटलं होतं, हा आता भटाचा सोवळा होणार!" सारी पंगत हसली. आम्हीही हसलो, पण उत्तर काही सुचले नाही. मावशींचा प्रश्न थट्टेचा वाटला तरी त्यामागे आपल्या समाजाचा मोठा इतिहास उभा आहे. त्याचे उत्तर हसण्यावारी नेणे बरे नाही, म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने ते देण्याचा हा प्रयत्न आहे.

आमच्या घरी मांस, मासळी आणि अंडी तर बंद आहेतच, पण दूध, दही, तूप आणि मधही येत नाही. अशा आहाराला जगात 'व्हीगन' म्हणतात. हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ साली डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला आणि त्याच वर्षी तेथे व्हीगन सोसायटी स्थापन झाली. दूध व अंडी घेणाऱ्या शाकाहारी मंडळींपासून आपला वेगळेपणा दाखविण्यासाठी त्यांना नवे नाव हवे होते. अर्थ सोपा आहे. शक्य असेल तेथवर, प्राण्यांना वापरून किंवा मारून मिळणारी वस्तू घ्यायची नाही. त्यामुळे चामड्याची चप्पल आणि रेशमी साडीही यात येते, कारण रेशमाचा अखंड धागा मिळावा म्हणून आतल्या किड्यासह कोष उकळले जातात. आपल्याकडे पाकिटावरचा हिरवा ठिपका शाकाहार दाखवितो, पण त्यात दूध असू शकते. २०२२ साली अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने व्हीगन अन्नासाठी वेगळे नियम केले व त्याची निराळी खूणही ठरविली.

तथागतांनी काय सांगितले?

भगवान बुद्धांनी मांसाहार सरसकट निषिद्ध ठरविला होता, असे आम्ही म्हणणार नाही, कारण ते खरे नाही. मज्झिम निकायातील जीवकसुत्तात वैद्य जीवक भगवंतांना याबद्दलच विचारतो. भगवंतांचे उत्तर असे की, आपल्यासाठी प्राणी मारला हे भिक्खूने पाहिले असेल, ऐकले असेल किंवा तशी शंका असेल, तर ते मांस घेऊ नये. या तिन्ही बाबतीत शुद्ध असलेले मांस घेता येते. पुढे देवदत्ताने पाच कडक नियमांची मागणी केली व त्यात मासे-मांस पूर्ण वर्ज्य करण्याचीही अट घातली. भगवंतांनी ती सक्ती मानली नाही व तीन अटींचा आपला नियम कायम ठेवला. धर्मानंद कोसंबी यांनी आपल्या 'भगवान बुद्ध' या ग्रंथात या विषयाची मोकळेपणाने चर्चा केली, तेव्हा त्यांच्यावर टीकाही झाली. पुढे महायान पंथाच्या लंकावतार सूत्रात मांसाहाराचा स्पष्ट निषेध आला. आजही श्रीलंका, थायलंड, म्यानमार येथील भिक्खू दान मिळेल ते घेतात, तर चीन व व्हिएतनाममधील विहारांत शाकाहाराची परंपरा आहे.

मग आमचा आधार कोणता? त्याच जीवकसुत्ताचा शेवट पाहावा. तथागतांसाठी किंवा त्यांच्या शिष्यांसाठी जो प्राणी मारतो, तो पाच प्रकारे अकुशल कर्म जोडतो, असे तेथे म्हटले आहे. त्यातले एक कारण म्हणजे, गळ्याला दोरी लावून ओढत आणताना त्या जनावराला होणारे दुःख. मारण्याआधीचे दुःखही भगवंतांनी हिशेबात धरले. आणखी एक गोष्ट अशी की, भिक्खू पात्रात पडेल ते घेतो. तो निवड करीत नाही. आपण उपासक मात्र पिशवी घेऊन बाजारात जातो, भाव करतो, निवडतो, पैसे मोजतो. उपासकाने करू नयेत असे जे पाच व्यापार अंगुत्तर निकायात सांगितले आहेत, त्यांत प्राण्यांचा व मांसाचा व्यापार आहे. बँकेच्या खातेवहीत एकाच्या नावे पडल्याशिवाय दुसऱ्याच्या जमेस येत नाही. आमच्या ताटात जे जमा होते ते कोणाच्या नावे पडते, हा प्रश्न त्यामुळे आम्हांला टाळता आला नाही.

बाबासाहेबांनी काय शिकविले?

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा उलगडा केला आहे. भगवंतांनी अहिंसा हे तत्त्व म्हणून सांगितले, ताठर नियम म्हणून नव्हे. गरज म्हणून मारणे आणि मारण्याची इच्छा म्हणून मारणे, यांत त्यांनी फरक केला. नियम माणसाला बांधून टाकतो, तर तत्त्व त्याला विचार करायला लावते, असा बाबासाहेबांच्या विवेचनाचा रोख आहे. आम्ही या कसोटीवर स्वतःलाच तपासले. हिमालयाच्या पलीकडे, जेथे धान्य पिकत नाही, तेथील बौद्धाची गरज निराळी. ट्रॉम्बेत राहणाऱ्या, महिन्याला पगार घेणाऱ्या आणि बाजारात सर्व डाळी-भाज्या मिळणाऱ्या कुटुंबाची गरज कोणती? प्रामाणिकपणे पाहता आमची गरज नव्हती, सवय होती. दिनांक १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील तेरावी प्रतिज्ञा सर्व प्राणिमात्रांवरील दयेची आहे. ती म्हणताना आमचा आवाज दबू लागला होता, एवढेच खरे.

दूध का नको?

"मांसाचे समजले, पण दुधात कोण मरतो?" असे पुष्कळजण विचारतात. म्हैस किंवा गाय आपोआप दूध देत नाही. तिला आधी वीत व्हावे लागते. म्हशीचा गाभणकाळ सुमारे दहा महिन्यांचा व गाईचा नऊ महिन्यांचा. दूध चालू राहावे म्हणून तिला पुन्हा पुन्हा गाभण करावे लागते. जन्मणाऱ्या पिलांत निम्म्याच्या आसपास नर असतात. पूर्वी शेतीला बैल लागत. ट्रॅक्टर आल्यावर ती गरज घटली आणि शहरी तबेल्यातील रेडकाला तर कधीच कामाची जागा नव्हती. त्याने प्यायलेले दूध हा मालकाचा तोटा ठरतो. पान्हा फुटावा म्हणून ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देण्याचा गैरप्रकारही सर्वश्रुत आहे. भाकड झालेल्या म्हशीची वाट अखेर कत्तलखान्याकडेच जाते. आपला देश दूध उत्पादनात जगात पहिला आहे आणि म्हशीच्या मांसाच्या मोठ्या निर्यातदारांतही त्याची गणना होते. या दोन गोष्टी एकाच गोठ्यातून निघतात.

१९७१ साली सुरू झालेला देवनारचा कत्तलखाना आपल्यापासून दूर नाही. बकरी-मेंढ्यांनी भरलेले ट्रक आपण सर्वांनी पाहिले आहेत. ते पाहून नाक मुरडणारा आणि घरी जाऊन तुपाची धार सोडणारा मनुष्य आम्हांला अधिक अहिंसक वाटत नाही. दूध पवित्र आणि मांस अपवित्र, ही रेषा करुणेने आखलेली नाही.

सोवळे आणि करुणा यांतील फरक

आता मावशींच्या खऱ्या प्रश्नाकडे येऊ. अन्नावरून आपल्या समाजाचा जेवढा अपमान झाला तेवढा क्वचितच दुसऱ्या कशावरून झाला असेल. गावातील मेलेली ढोरे ओढण्याचे काम आपल्या वाडवडिलांच्या माथी मारले गेले, भुकेपोटी तेच मांस खावे लागले आणि पुन्हा ते खातात म्हणून त्यांनाच अस्पृश्य ठरविले. गोमांस भक्षण आणि अस्पृश्यता यांचा संबंध बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात मांडला. चान्या, वशाट हे शब्द आपल्या घरात असत आणि शाळेच्या डब्यात मात्र लपवावे लागत. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ सालच्या पुस्तकाने हे झाकलेले स्वयंपाकघर उघड केले, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. त्या अन्नाने आपल्या पिढ्या जगविल्या. त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही.

पण आपल्याच इतिहासात त्यागाचेही एक उदाहरण आहे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. ते सोवळे होण्यासाठी नव्हते, स्वाभिमानासाठी होते. म्हणजे एखादे अन्न सोडणे हे वरच्यांचे अनुकरणच असते असे नाही. ते कशासाठी सोडले, यावर सारे अवलंबून असते. सोवळे विचारते, हे खाल्ल्याने मी बाटेन काय? करुणा विचारते, हे खाल्ल्याने कोणाला दुःख होईल काय? पहिला प्रश्न माणसाला शेजाऱ्यापासून दूर नेतो. दुसऱ्याने तसे होता कामा नये.

म्हणून आम्ही काही गोष्टी स्पष्ट सांगू इच्छितो. मांसाहारी म्हणून कोणाला घर नाकारणे हा जातीभेदाचाच नवा प्रकार आहे. २०१५ साली महाराष्ट्रात गाईबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्यात म्हैस नाही, बकरी नाही, कोंबडी नाही. त्यामुळे स्वस्त मांस गरिबांच्या ताटातून गेले, पण त्या कायद्याला सर्व प्राणिमात्रांवरील दया म्हणता येणार नाही. शाळेतील मुलांना आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२३ साली घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी बंद केला. आम्ही स्वतः अंडे खात नाही, तरीही ही गोष्ट आम्हांला चुकीची वाटते. भुकेल्या मुलाच्या ताटातून घास काढून अहिंसा सिद्ध होत नाही. ट्रॉम्बे कोळीवाड्यातील बंधू-भगिनी ठाणे खाडीवर पोट भरतात. आम्ही त्यांच्याशेजारीच राहतो व बांबूंवर वाळणाऱ्या बोंबलांच्या वासाला नाक दाबीत नाही. आमचे व्रत आमच्या ताटापुरते आहे.

व्यवहार कसा चालतो?

घरात फार काही बदलावे लागले नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, पिठले, आंबाडीची भाजी, हुलग्याचे माडगे, ठेचा, शेंगदाण्याची चटणी हे आपले जुने अन्न बहुतांशी दुधावाचूनचेच आहे. दूध-तूप आपल्या आजीच्या घरी कोठे रोज होते? शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तिळात त्याहून कितीतरी अधिक. डाळी, चवळी, मटकी, सोयाबीन यांतून प्रथिने मिळतात. मात्र एक गोष्ट कोणी विसरू नये. जीवनसत्त्व ब-१२ वनस्पतीजन्य अन्नातून विश्वासाने मिळत नाही. त्याची गोळी घ्यावीच लागते, नाहीतर रक्तक्षय आणि हातापायांना मुंग्या येण्यासारखे मज्जातंतूंचे विकार होतात. लहान मुले, गर्भवती व आजारी माणसे यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही सोडू नये.

घाईही करू नये. सम्राट अशोकाचा पहिला शिलालेख या बाबतीत मार्गदर्शक आहे. राजाच्या मुदपाकखान्यात पूर्वी रोज लाखो प्राणी मारले जात. लेख कोरला तेव्हा फक्त तीन, म्हणजे दोन मोर व एक हरिण मारले जाई, तेही हरिण नेहमी नाही. पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत, असे त्यात म्हटले आहे. एवढा मोठा राजा, पण आजची स्थिती काय हे त्याने लपविले नाही. अशोकाच्या अशाच लेखांचे तुकडे आपल्या मुंबईजवळ सोपाऱ्यातही सापडले आहेत. आमच्याही घरात आधी मटण गेले, मग मासळी आणि शेवटी चहातले दूध. सर्वांत अवघड चहाच गेला! व्हिएतनामचे भिक्खू थिच न्हात हान यांनी २००७ साली आपल्या विहारांतून दूध आणि अंडीही वर्ज्य केली, तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या पुढे होते. तेव्हा वयाची सबब सांगण्याची सोय नाही.

गेल्या वैशाख पौर्णिमेला समितीच्या परवानगीने खीरदानात मोठ्या पातेल्याशेजारी एक लहान पातेले ठेवले. त्यात गव्हाची खीर, गूळ आणि नारळाचे दूध होते. कोणावर सक्ती नव्हती. त्याच मावशींनी आपणहून वाटी पुढे केली, चव घेतली आणि म्हणाल्या, "बरी झालीय रे, पण गूळ हात राखून घातलास." यंदा गूळ वाढवू. मोठे पातेले तसेच राहील आणि त्यातून घेणारे आमचेच आप्त असतील. शेजारच्या लहान पातेल्याने एखाद्याच्या मनात एवढा प्रश्न उठविला, की ही वाटी कोणाच्या वाट्याची होती, तरी आमचे खीरदान सार्थकी लागले असे आम्ही समजू.

सर्व प्राणिमात्र सुखी होवोत.

नमो बुद्धाय! जयभीम!