औंधचा कलासंसार
सातारा जिल्ह्यातील औंध आज खेडेवजा दिसले, तरी ज्या संस्थानाचा अंमल सांगलीकडील आटपाडी आणि कुंडल येथवर चाले, त्याची ती राजधानी होती. आणि १९०९ मध्ये गादीवर आलेले बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार व कीर्तनकार असल्यामुळे, कलेला तेथे दरबारी शोभेपलीकडचे स्थान लाभले. मूळचे किन्हईचे, औंधचे दरबारगवई अंतुबुवा जोशी यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये आरंभिलेला संगीतोत्सव येथे आश्विन वद्य पंचमीला भरतो. यमाईच्या डोंगरावरील श्रीभवानी संग्रहालयही (१९३८) अवश्य पाहावे. रविवर्मा, धुरंधरांच्या चित्रांसमवेत तेथे हेन्री मूरचे ‘माता आणि मूल’ हे पाषाणशिल्प आहे, हे पुष्कळ सातारकरांनाही ठाऊक नसते!