एक डिस्क, दोन संग्रह

कला महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात हार्ड डिस्कचे काय काम, असा प्रश्न काही प्राध्यापकांना पडेल. पण हल्ली घरोघरीचे आल्बम कपाटात नसून फोनमध्ये असतात आणि फोन भरला की एखाद्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर जातात. ती डिस्क कशी लावावी हे मी एक चूक करून शिकलो. ती चूक दुसऱ्या कोणी करू नये, एवढाच या लेखाचा हेतू.

आमच्या घरी छायाचित्रे काढणारी माणसे दोन : ताई आणि मी. ती फोनवर काढते, मी जुन्या डिजिटल कॅमेऱ्यावर. दोघांत मिळून १ टीबीची एक डिस्क घेतली. ताईने २०२३ च्या गणपतीतली छायाचित्रे तिच्यावर उतरवली आणि फोनमधून काढून टाकली. काही महिन्यांनी मी माझी छायाचित्रे त्याच फोल्डरमध्ये ओतली. मध्येच संगणकाने विचारले, 'या नावाच्या फायली इथे आधीच आहेत. त्यांच्या जागी नव्या ठेवायच्या का?' मी घाईत 'होय' म्हटले. तिचा फोन आणि माझा कॅमेरा दोघेही 'आयएमजी' आणि पुढे चार आकडे असेच नाव देतात, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. बाबा हातात गणपती घेऊन घराची पायरी उतरत आहेत, असे एक छायाचित्र ताईने काढले होते. त्या क्रमांकावर आता कँटीनमधल्या मिसळीची बशी आहे. बाबांचा तो शेवटचा गणपती ठरला.

तेव्हा पहिला नियम असा की, डिस्क एक असली तरी संग्रह दोन ठेवावेत. प्रत्येकाने आपल्या नावाच्या फोल्डरात वर्षवार छायाचित्रे ठेवावीत आणि दुसऱ्याच्या फोल्डरला हात लावू नये. 'नंतर निवडून एकत्र करू' हा मोह टाळावा.

दुसरी गोष्ट फॉरमॅटची. शाळेत गणिताला चौकटीची वही लागे आणि इंग्रजीला चाररेघी; कागद तोच, आखणी निराळी. डिस्कचेही तसेच आहे. ताईकडे मॅक आहे, माझ्याकडे विंडोजचा लॅपटॉप. विंडोजची नेहमीची आखणी 'एनटीएफएस'. ती मॅक वाचतो, पण जादा सॉफ्टवेअर घातल्यावाचून तिच्यावर लिहीत नाही. मॅकची आजची आखणी 'एपीएफएस'. ती विंडोजला आपली आपण वाचता येत नाही. 'एक्सफॅट' दोघांनाही चालते. मग सगळी डिस्क एक्सफॅट का करू नये? कारण मॅकवरील 'फोटोज'ची लायब्ररी दिसायला एक फाईल असली तरी आत हजारो फायलींचे गाठोडे असते, आणि ते बाहेरच्या डिस्कवर ठेवायचे तर मॅकचीच आखणी लागते.

यावर उपाय म्हणून आम्ही डिस्कचे दोन भाग केले. मॅकमधील 'डिस्क युटिलिटी'त ६०० जीबीचा भाग ताईसाठी एपीएफएस केला आणि ४०० जीबीचा माझ्यासाठी एक्सफॅट. डिस्क अशी नव्याने आखताना तिच्यावरचे सर्व काही पुसले जाते. म्हणून आधी सगळे दुसरीकडे उतरवून घ्यावे. माझा ४०० जीबीचा भाग विंडोजवर ३७२ च दिसतो, पण त्यात फसवणूक नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीने मोजतात आणि विंडोज १०२४ च्या. ताईचा भाग विंडोजला ओळखता आला नाही आणि त्याने 'फॉरमॅट करू का?' असे विचारले, तर मात्र निक्षून 'नाही' म्हणावे. मी आता संगणकाचा प्रत्येक प्रश्न दोनदा वाचतो.

ताईने 'फोटोज' बंद करून आपली लायब्ररी 'पिक्चर्स' फोल्डरातून ओढून नव्या भागावर टाकली, कॉपी पूर्ण होऊ दिली, मग तेथूनच उघडून चार-दोन जुनी छायाचित्रे तपासली. जुनी लायब्ररी तिने लगेच काढली नाही. काम संपल्यावर डिस्क 'इजेक्ट' केल्यावाचून तार ओढू नये. हार्ड डिस्कच्या आत तबकड्या वेगाने फिरत असतात आणि वाचणारे टोक त्यांच्यापासून केसापेक्षाही कमी अंतरावर तरंगत असते. चालू असताना बसलेला धक्का तिला महागात पडतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. फोन रिकामा करून छायाचित्रे डिस्कवर हलवली म्हणजे ती सुरक्षित झाली, असे आम्ही दोघेही समजत होतो. वास्तविक प्रत एकच होती. तिने फक्त घर बदलले होते. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी एक सोपा संकेत रूढ केला आहे : प्रती तीन, साठवण दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या जागी. आमची एक प्रत आपापल्या संगणकावर आहे, दुसरी या डिस्कवर. तिसरी तशाच दुसऱ्या डिस्कवर करून साताऱ्याला मामांकडे ठेवली आहे. दर दिवाळीला जाऊन ती अद्ययावत करतो. दोन्ही डिस्क एकाच जातीच्या, त्यामुळे संकेत पुरता पाळला जात नाही, हे मान्य; पण पूर्वीपेक्षा बरे.

बाबांचे ते छायाचित्र ताईने व्हॉट्सअ‍ॅपवर मामांना पाठवले होते, तेवढे मिळाले. व्हॉट्सअ‍ॅपवर छायाचित्र लहान होते, काढल्याची तारीखही त्यातून जाते. मोठे करून फ्रेम केले तर चेहरा थोडा धूसर आला. फ्रेम लावताना ताई एवढेच म्हणाली, "राहू दे रे, ओळखू येतात." मी ते छायाचित्र तिन्ही ठिकाणी ठेवले आहे, आणि फाईलला नाव दिले आहे : 'बाबा, गणपती, २०२३'.